‘चालू होत नाही’ हे अर्धंच वाक्य आहे

जूनमध्ये कॉलेज उघडलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला : ‘आपला पीसी चालू होत नाही.’ खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी लिहिलं, ‘झालं, या वर्षीचा अंक गेला.’ कुणी लिहिलं, ‘म्हातारा झालाच होता बिचारा.’ तासाभरात श्रद्धांजली वाहून झाली. पण तो नेमकं काय करतोय आणि काय करत नाही, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. मी सांत आंतोनीला एक मेणबत्ती कबूल केली आणि गप्प बसले. हरवलेल्या वस्तू तो शोधून देतो हे लहानपणापासून ऐकत आलेय, रुसलेला कॉम्प्युटर त्याच्या खात्यात येतो की नाही ते माहीत नव्हतं.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. आपण साहित्याचे विद्यार्थी एका शब्दाचे चार अर्थ लावतो, पण समोरचं यंत्र बंद पडलं की ‘बंद पडलं’ यापुढे एक शब्द बोलत नाही. ही सवय आपल्याला महागात पडते. पैशांत तर पडतेच, पण त्याहून जास्त दुसऱ्या एका गोष्टीत. ती कोणती ते पुढे येईल.

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी थोडी ओळख. मंडळाच्या खोलीत कोपऱ्यात जो पांढरट, आता पिवळा पडलेला डबा आहे, त्यात आपल्या मासिकाचे २००९ पासूनचे जुने अंक आहेत. त्या अंकांच्या पीडीएफ आपल्याकडे सगळ्या नाहीत. मूळ फायली पेजमेकरमधल्या आहेत आणि युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, की मराठीऐवजी रोमन अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं दिसतं. म्हणजे नुसती फाइल असून भागत नाही, तो फॉन्टही हवा आणि ते सॉफ्टवेअरही हवं. आपल्याकडे ही तिन्ही एकत्र एकाच डब्यात होती. कॉपी कुठेच नव्हती.

तर, आम्ही तो डबा रिक्षात घालून एका दुकानात नेला. दुकानदाराने वायर लावली, बटण दाबलं, काळा पडदा पाहिला आणि म्हणाला, ‘बोर्ड गेला. हा जुना बोर्ड आता मिळणार नाही. नवा सेट घ्या, वीस हजारांपर्यंत बसेल.’ मी विचारलं, ‘आतल्या फायली?’ तो माझ्याकडे न बघता आमच्या खजिनदाराला म्हणाला, ‘जुनी डिस्क टाकून द्या, नवी एसएसडी घाला. फॉरमॅट मारून फ्रेश करून देतो.’ खजिनदाराला कॉम्प्युटरमधलं माझ्याइतकंच कळतं, म्हणजे काहीच नाही. पण तो मुलगा आहे.

दुकानदाराला मी वाईट म्हणत नाही. त्याच्या टेबलावर दहा डबे रांगेत होते. प्रत्येकाच्या आत डोकं घालून दोन तास शोधायचं आणि शेवटी दोनशे रुपये घ्यायचे, हे त्याला परवडत नाही. सुटे भाग बदलणं आणि फॉरमॅट मारणं त्याला परवडतं. त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर आहे. चूक आमची होती. आम्ही त्याला अर्धं वाक्य सांगितलं आणि पूर्ण निर्णय त्याच्यावर सोडला.

डबा परत आणला. रात्री मी पप्पांना मेसेज केला. पप्पा जहाजावर इलेक्ट्रिशियन आहेत. तेव्हा ते भर समुद्रात होते आणि बोटीवर इंटरनेट मोजून मिळतं, त्यामुळे फोटो नाही, व्हिडिओ कॉल नाही, फक्त शब्द. आम्ही एकमेकांना रोमी कोकणीत लिहितो, इथे मराठीत देते. मी लिहिलं, ‘कॉलेजचा पीसी चालू होत नाही. दुकानवाला म्हणतो बोर्ड गेला.’

त्यांचं उत्तर आलं, ‘कुठपर्यंत चालू होतो?’

मला वाटलं, त्यांना समजलं नाही. मी पुन्हा लिहिलं, ‘होतच नाही.’ त्यांनी पुन्हा तेच विचारलं, ‘कुठपर्यंत? भिंतीपासून सुरू कर.’

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि एफवायची एक मुलगी खोलीत बसलो. एकेक प्रश्न यायचा, आम्ही बघून उत्तर द्यायचो. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर चालतो का? चालतो. यूपीएसचा दिवा? लागतो. डब्याच्या मागे वायर घट्ट बसली आहे? तिथे एक छोटा स्विच असेल, तो चालू आहे? आहे. बटण दाबल्यावर पुढचा दिवा लागतो? लागतो. आतला पंखा फिरतो की फिरून थांबतो? फिरत राहतो. मॉनिटरचा दिवा कोणत्या रंगाचा? नारिंगी. मॉनिटरची वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे? आहे. पीसीतून काही आवाज? नाही.

मग त्यांनी लिहिलं, ‘म्हणजे वीज आत पोचते. पंखा फिरतो म्हणजे सप्लाय मेलेला नाही. त्याच्या पुढे कुठेतरी अडकलंय. बघ, अर्धं काम झालं.’

आमच्या हातात स्क्रू ड्रायव्हरसुद्धा नव्हता आणि अर्धं काम झालं होतं.

इथे थोडं थांबून कॉम्प्युटर उठतो कसा ते सांगते, कारण हे कळलं की बाकीचं सोपं होतं. आपण ‘बूट होणं’ म्हणतो, तो शब्द इंग्रजीतल्या ‘बूटस्ट्रॅप’वरून आला. बुटाच्या मागची पट्टी धरून स्वतःलाच वर उचलायचं, अशी त्यामागची कल्पना. बटण दाबतो तेव्हा कॉम्प्युटरच्या कामाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, काहीच नसतं. आधी एसएमपीएस नावाची पेटी घरातल्या विजेचे लहान व्होल्टेज करते. मग प्रोसेसर जागा होतो. बोर्डावरच्या एका चिपमध्ये छोटासा प्रोग्रॅम साठवलेला असतो, तो सगळ्यांची हजेरी घेतो : रॅम आहे? पडदा आहे? कीबोर्ड आहे? हजेरी नीट झाली की तो डिस्क शोधतो, डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्सला हाक मारतो आणि मग आपल्याला ओळखीचं चित्र दिसतं. एकाने दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

यात कुठेही साखळी तुटली तरी आपण एकच वाक्य बोलतो, ‘चालू होत नाही.’ पण दिवाच लागत नसेल तर गोष्ट विजेची आहे. दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळा, तर हजेरीत कुणीतरी गैरहजर आहे. कंपनीचं नाव दिसतं आणि मग बूट करायला काही सापडत नाही अशी इंग्रजी ओळ येते, तर डिस्क सापडत नाही, नाहीतर भलतीकडे शोध चाललाय. विंडोजचं चिन्ह येऊन गोल गोल फिरत राहतं, तर साखळी बरीच पुढे पोचली आहे आणि दुखणं बहुधा सॉफ्टवेअरचं किंवा डिस्कचं आहे. ही चार वेगळी दुखणी आहेत, आणि चौघांवर औषध वेगळं.

आपल्या वर्गात हेच रोज होतं. ‘सर, कविता कळली नाही’ असं कुणी म्हटलं की सर कधीच अख्खी कविता पुन्हा समजावत नाहीत. ते विचारतात, ‘कुठल्या ओळीपर्यंत कळली?’ आणि निम्म्या वेळा ती ओळ शोधतानाच उलगडा होतो. कवितेला आपण हा प्रश्न विचारतो, डब्याला का विचारत नाही?

तर पुढे. पप्पांनी डबा उघडायला सांगितला, पण आधी वायर पूर्ण काढायची, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, आणि आत हात घालण्याआधी डब्याच्या धातूला स्पर्श करायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. एक सक्त ताकीदही दिली : एसएमपीएसची पेटी कधीही उघडायची नाही. वायर काढल्यानंतरही तिच्यात जोरदार धक्का बसेल एवढी वीज साठलेली असू शकते. ती बिघडली तर बदलायची, आत डोकावायचं नाही.

आत धूळ, मुंग्यांची जुनी अंडी आणि एक वाळलेली पाल निघाली. एफवायची मुलगी किंचाळली, मग तिनेच कागदावर घेऊन पाल बाहेर टाकली.

मग एक प्रश्न आला जो मला फार आवडला. ‘रॅमच्या पट्ट्या काढून टाक. सगळ्या. मग चालू कर आणि ऐक.’ मला कळेना, आधीच आजारी, त्यात स्मृतीही काढायची? पण केलं. बटण दाबलं आणि डब्याने लांब, कर्कश ‘बीऽऽप’ केलं. पुन्हा केलं. पुन्हा केलं.

पप्पांनी लिहिलं, ‘बोर्ड गेला असता तर ओरडला कोण?’

विचार करा. रॅम नाही, हे कळायला प्रोसेसर जागा असावा लागतो आणि बोर्डावरचा तो छोटा प्रोग्रॅम चालू असावा लागतो. म्हणजे हजेरी घेणारा जिवंत होता. वीस हजारांचं निदान एका बीपने बाद झालं. (प्रत्येक बोर्डाची बीपची भाषा सारखी नसते आणि काही बोर्डांना स्पीकरच नसतो, त्यामुळे आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेत बघावं. आणि शांतता म्हणजे मरणच असंही नाही.)

त्यानंतर पेन्सिलीचं खोडरबर आणलं. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात. मे महिनाभर खोली बंद, मग आपल्याकडचा पाऊस, भिंतींना ओल. त्या दातांवर बारीक थर बसतो आणि स्पर्श तुटतो. हलक्या हाताने खोडरबर फिरवलं, भुसा झटकला, एकच पट्टी एका खाचेत टक् आवाज येईपर्यंत बसवली आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली.

आम्ही दोघी नाचलो, आणि लगेच थांबलो. कारण ती अक्षरं सांगत होती की तारीख-वेळ पुसली गेलीय. घड्याळ आमच्या शाळेच्या दिवसांतलं कुठलं तरी वर्ष दाखवत होतं. आधीची मी असते तर म्हटलं असतं, ‘परत बिघडला.’ पण आता प्रश्न पाठ झाला होता : कुठपर्यंत? तर तारखेपर्यंत. बोर्डावर नाण्याएवढा तीन व्होल्टचा एक सेल असतो, सीआर २०३२. पीसीची वायर काढलेली असते तेव्हा घड्याळ आणि काही नोंदी तो सांभाळतो. सुट्टीत वायर काढून ठेवली होती, जुना सेल संपला. घड्याळवाल्याकडे चाळीस रुपयांत मिळाला. ही तारीख दुरुस्त केली नाही तर पुढे इंटरनेटही कुरकुरतं, कारण वेबसाइटच्या सुरक्षेची प्रमाणपत्रं ठरावीक तारखांपुरती असतात आणि चुकीच्या वर्षात जगणाऱ्या पीसीला ती खोटी वाटतात.

आणि तरीही विंडोज येईना! बूट करायला डिस्क नाही, असा संदेश. यावेळी मी मेसेज न करता स्वतःच डब्याच्या मागे वाकले. तिथे कुणाचा तरी पेनड्राइव्ह खोचलेला होता. नोंदी पुसल्या गेल्यामुळे पीसी आधी त्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज शोधत होता आणि तिथेच अडत होता. पेनड्राइव्ह काढला. विंडोज आलं. (ज्याचा असेल त्याने खजिनदाराकडून न्यावा. आत लग्नाचे फोटो आहेत.)

खर्च : सेल चाळीस रुपये, खोडरबर पाच रुपये, एक दुपार.

आता कुणी म्हणेल, तुझे पप्पा इलेक्ट्रिशियन म्हणून जमलं. अर्धं खरं आहे. पण आठवून बघा, त्यांनी डबा पाहिला नाही, हात लावला नाही, उत्तरही दिलं नाही. त्यांनी क्रमाने प्रश्न विचारले, एवढंच. मी त्यांना नंतर विचारलं, तुम्हाला हे कुठे शिकवलं? ते म्हणाले, ‘समुद्रावर दुकान नसतं.’ जिथे दुकान कोपऱ्यावर असतं तिथे आपण प्रश्न विचारायला विसरतो.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो. ‘हे आयटीवाल्यांचं काम, आपण आर्ट्सचे.’ यात नम्रतेपेक्षा आळस जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि थोडा गर्वही. जणू हात काळे न करणं हे साहित्यिकाचं लक्षण. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी सहज मान्य केलं जातं, तू बाजूला हो, मुलं बघतील. बघणारी मुलं बटण चारदा दाबतात, डब्याला एक चापट मारतात आणि दुकानात नेतात.

सगळं स्वतःच करा असं माझं म्हणणं नाही. कुठे थांबायचं हेही त्याच प्रश्नावरून कळतं. जळका वास आला तर लगेच वायर काढा आणि पुन्हा लावू नका. हार्ड डिस्कमधून टिक्-टिक् असा खटका येत असेल तर ‘अजून एकदा बघू’ म्हणू नका, प्रत्येक वेळी चालू करण्याने आतलं नुकसान वाढू शकतं, तिथे जाणकारच हवा. पण जाणकाराकडे जाताना सांगा, ‘दिवा लागतो, पंखा फिरतो, रॅम काढली तर बीप येते, डिस्क खटखटते.’ असं सांगणाऱ्या माणसाशी दुकानदार वेगळं बोलतो. मी अनुभवाने सांगते, कारण नंतर मी त्याच दुकानात डिस्कची कॉपी करायला केबल आणायला गेले. यावेळी तो माझ्याशी बोलला.

आणि ही कॉपी हीच ती दुसरी गोष्ट, पैशांहून मोठी. एक लक्षात ठेवा : बोर्ड मेला म्हणजे फायली मेल्या असं नसतं. फायली डिस्कवर असतात. डिस्क काढून केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तर बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं मिळतं. (नव्या विंडोज पीसीत डिस्क कुलूपबंद असू शकते, तिची रिकव्हरी की आधीच कुठेतरी लिहून ठेवा.) फायली मरतात त्या घाईघाईत ‘फॉरमॅट मारा’ला आपण मान डोलावतो तेव्हा. त्या दिवशी मी ‘आतल्या फायली?’ असं विचारलं, आणि उत्तर न पटल्यामुळे डबा परत आणला. नाहीतर ज्या सरांनी रात्री जागून ते अंक लावले, ज्या विद्यार्थ्यांची पहिली कविता त्यात छापून आली, ते सगळं वीस हजार रुपये देऊन आम्हीच कचऱ्यात टाकलं असतं.

आपल्याकडे याचा इतिहास आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये आपल्या राशोलला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ, भाषा मराठी आणि लिपी रोमन. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरी आपण तो अभ्यासक्रमात वाचतो, कारण लोकांनी तो हाताने उतरवून ठेवला, आणि १९०७ मध्ये मंगळूरला तो हस्तलिखितांवरून पुन्हा छापला गेला. छापखान्याचं यंत्र टिकलं नाही. कॉपी करणाऱ्यांनी ग्रंथ वाचवला. त्यांच्याकडे बोरू होता, आपल्याकडे शंभर रुपयांची केबल आहे, आणि तरी आपण सोळा-सतरा वर्षांचे अंक एका ओल्या कोपऱ्यात ठेवले होते.

म्हणून मंडळापुढे तीन मागण्या. एक, जुन्या अंकांच्या तीन प्रती : एक या पीसीवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक कॉलेजच्या आवाराबाहेर, क्लाउडवर किंवा कुणाच्या तरी घरी. दोन, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. रूपांतराची साधनं आहेत, पण ती जोडाक्षरांत आणि रफारात चुकतात, त्यामुळे डोळ्यांनी वाचून मुद्रितशोधन करावं लागेल. हे काम आयटीवाले करू शकणार नाहीत. ते आपलंच आहे. तीन, डब्याच्या बाजूला भिंतीवर प्रश्नांचा एक कागद, भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू होणारा. तो मी लिहून लावलाय. सुट्टीत वायर काढताना तारीख लिहायला खाली जागा ठेवलीय.

शनिवारी शेवटच्या तासानंतर आम्ही दोघी खोलीत असतो. दुसऱ्या वर्षाच्या अंकापर्यंत पोचलोय. स्क्रू ड्रायव्हर आता आहे, मुद्रितशोधनाला माणसं कमी आहेत. आणि यापुढे ग्रुपवर नुसतं ‘पीसी चालू होत नाही’ असं टाकलंत तर उत्तर एकाच शब्दाचं येईल : कुठपर्यंत?